वाळूतल्या पाण्याचा चोर

गिरणाकाठच्या एका गावात जहागीरदार आबासाहेबांचा कडक नियम होता. पाटाचं पाणी प्रत्येक शेताला पंधरवड्यातून एकदाच, पण भरपूर मिळे. काळ्या रानाला ते पुरे. यसाबाईच्या वाळूच्या रानात मात्र ते चार दिवसांत दिसेनासं होई आणि बोंडांनी लगडलेली कपाशी माना टाकी. "थोडं थोडं द्या, पण लवकर लवकर द्या," अशी विनवणी करायला ती गेली, तर आबासाहेब भर चावडीत गरजले.

"सगळ्यांइतकं पाणी घेऊन तुझंच रान कोरडं? उद्या मला पाण्याचा चोर दाखव. त्याला तू म्हणशील ती शिक्षा करीन. नाहीतर तुझी पाण्याची बारी कायमची बंद!"

दुसऱ्या दिवशी यसाबाई आबासाहेबांना आपल्या शेताच्या उताराखाली, त्यांच्याच विहिरीवर घेऊन गेली. गावही मागोमाग आलं. तिने मोटकऱ्याला विचारलं, "नामाभाऊ, या विहिरीला पाणी कधी चढतं?"

"तुमची बारी झाली की," नामा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"सरकार, वाळूतून निसटलेलं पाणी इथं उतरतं. चोरीचा माल ज्याच्या घरी सापडतो, त्याला आपण काय म्हणता?"

आबासाहेबांनी विहिरीत डोकावलं. पाण्यात त्यांचंच तोंड दिसलं. ते खजील झाले, मग खो खो हसले.

"सांग शिक्षा!"

"माझ्याच वाट्याचं पाणी पंधरवड्यात चार वेळा थोडं थोडं द्या, म्हणजे ते खाली निसटणार नाही."

"आणि मग माझी विहीर?"

"सरकार, चोराला एवढी तरी अद्दल नको?"

चार दिवसांनी पाणी पुन्हा कपाशीच्या सरीत शिरलं, तेव्हा यसाबाईचा जीव भांड्यात पडला.