एका दाराची पंगत

शके एकोणीसशे पस्तीसच्या वैशाखात, म्हणजे सन दोन हजार तेराच्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, समुद्रकाठच्या एका भाषासंशोधन संस्थेत एक वृद्ध गुरुजी एका आज्ञेविरुद्ध उभे राहिले.

संस्थेत बरेच संगणक होते. प्रत्येकातील कामाची नक्कल, म्हणजेच बॅकअप, एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवली जाई आणि त्या सर्व्हरची देखरेख गुरुजींकडे होती. परंतु पहिली पाळी कोणाची, यावरून विभागप्रमुखांत मानपान सुरू झाले. कोशविभाग म्हणे, आम्ही सर्वांत जुने. व्याकरणविभाग म्हणे, आमच्यावाचून कोश कसला? अखेर संचालकांनी वैतागून आज्ञा काढली : दुपारी बाराची घंटा होताच सर्वांनी एकदम कळ दाबावी आणि दोनच्या घंटेला नक्कल थांबवून कामास लागावे. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

"हे जमणार नाही," गुरुजी म्हणाले.

"समता आपल्याला मान्य नाही वाटते?" संचालकांनी विचारले.

"समता मान्य आहे. गर्दी मान्य नाही."

आज्ञा मात्र कायम राहिली. दोन वाजता पाहावे तो एकाचीही नक्कल पुरी झालेली नसे. अर्धवट नक्कल उघडत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभापासून.

गुरुजींच्या हाताखाली एक शिष्या होती. तिच्या संगणकात धाकू तांडेल यांचे बोलणे साठवलेले होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाऱ्याचे नाव आणि स्वभाव सांगणारे हे वृद्ध कोळी गेल्या पावसाळ्यात निवर्तले होते. ती नावे आता दुसऱ्या कोणाच्या तोंडी नव्हती. आणि तिच्या संगणकातून काही दिवस खरखर ऐकू येत होती. बाहेरच्या साधनावर नक्कल काढण्यास संस्थेची मनाई होती.

"गुरुजी, हा संगणक फार दिवस काढणार नाही," ती म्हणाली. "तो गेला की तांडेलबाबा दुसऱ्यांदा गेले."

गुरुजींनी मान हलवली. "पौर्णिमेपर्यंत थांब."

वैशाखी पौर्णिमा हा संस्थेचा वर्धापनदिन. त्या दिवशी अंगणात पंगत बसे आणि वाढपाची सूत्रे दरवर्षी गुरुजींकडे असत. त्या शनिवारी पाने मांडली गेली, संचालक अग्रभागी बसले. गुरुजींनी वाढप्यांना जवळ बोलावले.

"आज क्रम नाही. मिठापासून भातापर्यंत सर्वांनी घंटा होताच एकदम आत शिरायचे, एकदम भरून घ्यायचे आणि एकदम बाहेर यायचे."

"गुरुजी, स्वयंपाकघराला दार एकच आहे!" शिष्या चकित होऊन म्हणाली.

"मला दिसते अजून."

घंटा झाली. दारात भातवाला आमटीवाल्याला अडला, लिंबाच्या फोडी वाटेवर सांडल्या, आणि "अहो, आधी मला निघू द्या!" "तुम्हीच मागे सरा ना!" असा एकच कल्लोळ उठला. कढीचा ओघळ उंबऱ्यावरून अंगणात आला. तेवढेच काय ते बाहेर आले. पाने कोरडीच राहिली.

संचालक पानावरून उठले. "हा काय पोरकटपणा? पंगत उपाशी बसली आहे!"

"आपलीच आज्ञा पाळली, साहेब," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पंगत एकदम बसते, पण वाढणे एकामागून एकच होते. म्हणून शेवटच्या पानावरचा मनुष्य धाकटा ठरत नाही. त्याच्याही पानात भात पडतो. सर्व्हरचे दारही एकच आहे. सारे एकदम शिरले की त्याचा वेळ नक्कल घेण्यापेक्षा एकाकडून दुसऱ्याकडे वळण्यातच जातो. पाळी लावा. आणि ती मानाने नव्हे, निकडीने लावा. ज्याचे मोडायला आले आहे, तो पहिला."

"आणि मी?"

"आपला संगणक कोरा करकरीत आहे. आपण शेवटी."

पंगतीत कोणीतरी हसू दाबले. संचालकांचा चेहरा लाल झाला. "सोमवारी बाराची घंटा होईल आणि सर्वजण एकदम कळ दाबतील. आपण मात्र येण्याची तसदी घेऊ नये."

सोमवारी गुरुजी नेहमीच्या वेळेस आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले.

बाराची घंटा झाली. शिष्येने कळ दाबली. तिच्या संगणकाची खरखर दालनभर ऐकू येऊ लागली, कारण दुसरा कोणताही आवाज नव्हता. कोशविभागाचे प्रमुख हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी व्याकरणविभागाचे प्रमुख बसले होते. त्यांचीही घडी तशीच.

संचालक दारात आले. "घंटा ऐकू आली नाही का? कळ का दाबत नाही कोणी?"

उत्तर कोशविभागाच्या प्रमुखांनी दिले. पहिल्या पाळीसाठी सर्वांत मोठ्याने भांडले होते ते हेच.

"आम्ही पानावर बसलो आहोत, साहेब. वाढणे सुरू आहे."

संचालकांनी रांगेवरून नजर फिरवली. मग एक खुर्ची ओढून तेही रांगेच्या शेवटी बसले. शिष्येने पूर्ण झालेली नक्कल उघडून पाहिली, आणि त्या निःशब्द दालनात धाकू तांडेल पहिल्या वाऱ्याचे नाव सांगू लागले.

तो दिवस सोमवार, वैशाखाचा कृष्णपक्ष, मे महिन्याची सत्तावीस तारीख. त्या दिवशी हा वाद मिटला.