दोन मिनिटं शांतता

कोंबड्या अजून सभा भरवत असत, त्या काळची ही गोष्ट. एका परसातल्या खुराड्यातून रोज एक पिल्लू नाहीसं होई. मग म्हातारा कोंबडा खुराड्यातच शोकसभा घेई, लांबलचक भाषण करी आणि सगळ्यांना दोन मिनिटं डोळे मिटून उभं करी. सभा संपली की आणखी एक पिल्लू कमी झालेलं असे.

ठिपकी कोंबडीचं आता एकच पिल्लू उरलं होतं. त्या दिवशी तिने डोळे मिटलेच नाहीत. तेव्हा तिला मागच्या भोकातून हळूच आत शिरणारं मुंगूस दिसलं.

“अहो, मुंगूस!” ती ओरडली.

“शांत राहा गं! अजून अर्धं मिनिट बाकी आहे,” कोंबडा डोळे न उघडताच म्हणाला.

ठिपकीने मुंगसाच्या नाकावर अशी चोच हाणली, की ते आल्या वाटेने पळालं. लगेच तिने बाभळीची काटेरी फांदी ओढत आणून भोकात घट्ट खुपसली.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं नाक घेऊन मुंगूस बाहेर ताटकळत होतं.

“काय कोंबडेराव, आज सभा नाही वाटतं?”

“कशी घेणार?” कोंबडा ठिपकीकडे रागाने बघत म्हणाला. “हिने कुणाला मरूच दिलं नाही. पाठ केलेलं भाषण वाया गेलं माझं!”