परमुलखातल्या आईचं बोंड

देवळासमोरची ही बाभूळ पाहिलीत ना, मंडळी? काट्याकाट्याला कापूस आहे, पण तो वाऱ्याने उडून आलेला नाही. आमच्या वरखेडीत पहिल्या वेचणीचं पहिलं बोंड तराजूत जात नाही, या काट्यावर येतं. ते का, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी अमेरिकेत म्हणे भाऊबंदकी पेटली. एक बाजू म्हणे गुलामांना सोडा, दुसरी सोडायला तयार नाही. लढाईत तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाकडे धावल्या. गाव पैशाने असं फुगलं, की रायभान पाटलाने बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा घातल्या. अमेरिका कुठे आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या लोकांचं भूगोलाशी अजूनही फारसं जमत नाही.

मग आवई उठली, की लढाई मिटते आहे. पाटलाने देवळात गाव जमवलं. नवस ठरला: लढाई चालू राहू दे, देवीला सोन्याचा मुकुट घालू. नारळ फोडायचा मान गावात वयाने थोर असलेल्या जनकाबाईचा. तिचा एकुलता लेक पलटणीत गेला तो परतलाच नव्हता. त्याच्या मागे राहिलेल्या त्याच्या लेकीचं, चंद्रभागेचं, लग्न याच कापसावर ठरलेलं. म्हातारीने नारळ हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"लढाई काय पानी हाये का पाटील, पडू दे म्हनून मांगाले? तिकडेबी कोनाचं तरी लेकरू मरून राह्यलं. मी नाही फोडत हा नारय."

उलट तिने देवीला सांगितलं, लढाई मिटू दे. माझ्या वावरातलं पहिलं बोंड मी त्या लेकराच्या आईच्या नावाने तुझ्या दारी आणीन.

लढाई मिटली. कापसाचा भाव पडला, चंद्रभागेचं लग्न मोडलं आणि गावाने म्हातारीशी बोलणं टाकलं. तरी हंगाम येताच ती बोंड घेऊन आली. पुजाऱ्याने दार लावून घेतलं, म्हणून तिने ते समोरच्या या बाभळीला अडकवलं.

त्याच सुमारास कापसाचा दलाल बातमी घेऊन आला. तिकडे कायदा झाला म्हणे. ज्यांना बैलांसारखं बाजारात विकून कापूस वेचायला लावत, ती माणसं मोकळी झाली. पाटलाने ते ऐकलं. मग तो उठून गोठ्यात गेला आणि त्याने बैलांच्या माळा उतरवल्या, असं सांगतात. त्या चांदीची जोडवी घडवून तो स्वतः जनकाबाईच्या दारी गेला. मोडलेलं लग्न त्यानेच पुन्हा जुळवलं आणि मांडवही आपल्याच अंगणात घातला. पुढच्या हंगामात त्याने आपलंही पहिलं बोंड या काट्याला लावलं, आणि मग सारं गाव लावू लागलं. मोठा हट्टी माणूस, पण मन आभाळाएवढं.

आजही पाटलांच्या बैलांना पितळी घुंगरंच असतात आणि गावातल्या प्रत्येक लेकीची जोडवी पाटलांच्या घरून जातात. टीव्हीवर कुठल्याही देशातल्या लढाईची बातमी आली, की आमच्या बाया घरात जपून ठेवलेलं एखादं बोंड आणून या काट्याला लावतात. कोण कोणाशी लढतंय, हे त्या विचारत नाहीत. "त्या आईचं," एवढंच म्हणतात आणि घरी जातात.