मोटारीला राजविहिरीचं पाणी

मोटार पुन्हा चढावर फुसफुसली! नाकातून वाफा सोडल्या आणि तिथेच फतकल मारली.

खडकवणीचे आबासाहेब महाराज भडकले. "शिदू! दसऱ्याच्या मिरवणुकीत ही चढली नाही, तर तुलाच तिला जुंपीन! इंजिन खोलून तिचं पोट फाडायचं नाही. आणि तिच्यात भरतोस त्या आमच्या विहिरीच्या पाण्याला नाव ठेवलंस, तर तुरुंग!"

राजवैद्यांनी चाकाची नाडी पाहून 'पित्त' सांगितलं आणि बॉनेटवर चंदनाचा लेप थापला. चंदन करपलं, मोटार तशीच तापली. शिदू ड्रायव्हर घरी जाऊन मुकाट्यानं बैलाचं जू मानेला लावून बघू लागला.

"काढा ते! बैलाची अब्रू घालवाल!" त्याची बायको गोजरा कडाडली. ती वाड्यावर महाराजांच्या आंघोळीचं पाणी तापवायची. सकाळी तिनं रिकामा बंबच महाराजांपुढे आणून ठेवला.

"सरकार, आत हात घाला."

महाराजांनी घातला. आत भाकरीएवढा जाड पांढरा थर! "ही घाण कुणी केली?"

"घान कशी, सरकार? आपल्या विहिरीचं पानी लई दिलदार. तापलं की रिकाम्या हातानं जात न्हाई, कायतरी ठिवूनच जातं!"

"मग! विहीर कुणाची आहे!" महाराजांची छाती फुगली.

"मोटारीच्या पोटातबी तसंच ठिवलंय. तिच्या नळ्या बारीक, त्या बुजल्या. पानी फिरंना, म्हनून ती तापती. बंबाला मी चिंच लावते. हिलाबी चिंचेचं पानी पाजू. पोट फाडायला नगं!"

चिंचेचा कोळ गाळून मोटारीत ओतला. शिदूनं इंजिन चालू ठेवलं, मग गार झाल्यावर खालची तोटी सोडली. भदाभदा आमटीसारखं पाणी आलं! दोनदा धुतल्यावर मोटार चढ अशी चढली, की राजवैद्य मागे पळत राहिले.

"शाब्बास! भरा पुन्हा आमच्या विहिरीचं पाणी!" महाराज ओरडले.

शिदूचा हात मानेवर गेला. पुन्हा तेच पाणी, पुन्हा तोच थर! बोलावं तर तुरुंग, न बोलावं तर जू. त्यानं केविलवाण्या नजरेनं बायकोकडे पाहिलं.

गोजरानं पदर खोचला. "सरकार, राजविहिरीचं पानी कुनी प्यायचं?"

"फक्त राजघराण्यानं! चाकरांनी थेंबही नाही!"

"मंग ही मोटार घरान्यातली व्हय? आज पानी पीती, उद्या वारसा सांगंल! धाकल्या सरकारांनी मंग कुठं जायचं?"

महाराज दचकले. त्यांनी मोटारीकडे संशयानं पाहिलं. "खरंच की! मग पाजायचं काय?"

"आमी चाकरं पितो तेच. पत्र्यावरचं पावसाचं पानी, रांजनात भरल्यालं. ते गरीब बिचारं, मागं ठिवायला त्याच्यापाशी कायबी नसतं!"

महाराज खो खो हसत सुटले. फेटा सुटून गळ्यात आला, तरी हसणं थांबेना!

"कारभारी! मोटारीचं नाव घराण्यातून कमी करा! आजपासून ती चाकर, पाणी चाकरांचं, आणि महिना वीस रुपये पगार!"

"पण सरकार, मोटार पगार घेणार कशी?" कारभारी चाचरले.

"गोजराच्या हातावर ठेवा," महाराज डोळे पुसत म्हणाले, "शिदूच्या पगारापेक्षा पाच रुपये जास्तच आहेत!"