पाच पायांचा बैल

चित्रं हवी तितकी बघा, पण बैलाचे पाय मोठ्यानं मोजू नका, असं मी पायथ्याशीच बजावलं होतं. तरी या चष्मेवाल्या पाहुण्यांनी मोजलेच. असू द्या. आता बसा सावलीला आणि ऐका.

फार मागे, नांगरसुद्धा नव्हता तेव्हा, या वाळूच्या दगडाच्या कपारीत एक टोळी राहायची म्हणे. तीन वर्षं पाऊस नाही. सगळा डोंगर भाजून निघाला, तेव्हा कारू नावाच्या म्होरक्यानं मुक्काम हलवायचं ठरवलं. पण म्हातारी झिबलामाय चालू शकत नव्हती. ती इथंच मागे राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही.

दगडावर गेरूनं चित्र काढायचा मान तिचा. ती काढील ते जनावर डोंगर धाडतो, अशी समजूत. तुम्ही जायच्या आधी तुमच्यासाठी एक बैल काढते, म्हणाली. तिची नजर गेली होती, पण जीभ शाबूत होती, त्यामुळे तिला टोकायची कोणाची छाती नव्हती. चार पाय झाले आणि गेरू संपला. नवा चरबीत घोटेपर्यंत ती मोजणी विसरली आणि तिनं पाचवा पाय काढला. चरबीतला गेरू पुसतोय कसला! झकास झालाय, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तस्साच बैल आला, असं सांगतात. चार पायांनी चालायचा आणि पाचवा मधोमध जमीन खरवडत यायचा. लोक शिकार विसरून पोट धरून हसत सुटले. तेवढ्यात तो पाय कोरड्या नाल्यात रुतला. बैलानं हिसडा देऊन उपटला, तर खड्ड्यात पाणी! बैल निघून गेला, पण टोळी राहिली. झिबलामाय त्या दिवशी लहान पोरीसारखी रडली म्हणे.

मग तिनं हसण्याचं कारण विचारलं. कारूनं घाबरत खरं काय ते सांगितलं.

"मी आंधयी होती, तुमी त नोहोते ना?" ती म्हणाली. "आता जो कोनी त्याचे पाय मोजन, थो माह्यं पानी भरन."

आजही पोळ्याला आमच्याकडे भिंतीवर पाच पायांचाच बैल काढतात. नव्या जावयाला मुद्दामच कोणी आधी सांगत नाही, म्हणून सासूचं पाणी आयतं भरून होतं. तुम्हाला तर मी सांगितलं होतं. झरा खाली नाल्यात आहे, घागर काठावरच असते. आमच्या घरी दोन लागतात.