राजाची तुळा आणि ठमाबाईचं तूप

राजाला हाव सुटली. लोकांकडचे जुने रुपये घेऊन त्याने तितकेच नवे वाटले. छाप तीच, पण जाडी निम्मी! बघता बघता तूप दुप्पट महागलं.

“भाव चढवणाऱ्या त्या ठमाबाईला पकडून आणा!” राजा गरजला.

ठमाबाई तूपवालीला आणलं, तेव्हा राजाच्या वाढदिवसाची तुळा चालली होती. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात दानाचे नवे रुपये. थैल्या रित्या झाल्या तरी राजाचं पारडं वर जाईना.

“महाराज, यंदा दुप्पट रुपये लागणार,” खजिनदार पुटपुटला.

“म्हणजे मी दुप्पट जाड झालो?”

“नाही हो महाराज,” ठमाबाई म्हणाली, “तुम्ही होता तेवढेच आहात. माझं तूपही तेवढंच आहे.”

राजा वरमून खाली उतरला. जुना जाड रुपया परत आला.

पुढच्या वर्षी मात्र राजा खरोखरच जाड झाला. तूप स्वस्त झालं होतं ना!