रोजचा एक थेंब

एवढीशी अबोली शाळा आणि काम दोन्ही कसं निभावणार, या काळजीने शेवंतीच्या डोळ्याला डोळा लागेना.

डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळीपलीकडे त्या मायलेकींचं इवलंसं घर होतं. दारात फुलांचा वाफा होता. पण झरा आटला आणि वाफा वाळून गेला. फुलं नाहीत म्हणून गजरे नाहीत, आणि गजरे नाहीत म्हणून चूल कधी पेटे, कधी न पेटे. शेवंती शिकलेली होती. पोरीला शिकवायला हवं हे तिला कळत होतं, आणि शिकायला पाठवलं तर खायचं काय, हेही कळत होतं. शिकल्याचा फायदा एवढाच, की काळजी दोन्ही बाजूंनी करता यायची.

आणि आज सकाळी तर नवलच घडलं होतं. अबोली आपल्या पेल्यातलं पाणी वाफ्यातल्या शेवटच्या रोपट्याला घालत होती. तेवढ्यात पानावर काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची परी! पंख जांभळे-सोनेरी, झगा शेंदरी, आणि कानामागे खोचलेली गवताच्या काडीची लेखणी.

"तुझ्या वाट्याचं पाणी दिलंस?" परीने विचारलं.

"त्याला तहान लागली होती."

"मग माझ्या बागेत ये, पिल्ला. हिशेब शीक. दोन दिवस शाळा, चार दिवस काम. कामाचं पीठ आणि मध घरी न्यायचा. कधी मधमाश्यांच्या कोठीत, कधी मुंग्यांच्या कोठारात, कधी दवाच्या घरात काम करायचं. वसंतात हिशेब जुळला, तर तुझी एक इच्छा पुरी होईल!"

शेवंती पदराला हात पुसत बाहेर आली. "आणि नियम काय, परीबाई?"

परी खुदकन हसली. "आई ती आईच! नियम आहेत. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी खरं लिहायचं. आणि इच्छासुद्धा हिशेबानेच मागायची. काय हवं ते सांगायचं, आणि ते येणार कुठून, तेही सांगायचं."

त्या रात्री शेवंती कूस बदलत राहिली. पण सकाळी अबोली वेणी घालून दारात तयार उभी! मग काय, पाठवलंच.

मधमाश्यांकडे अबोली पराग मोजायला शिकली. मुंग्यांकडे दाणा आत आला की आधी लिहायचा आणि मग ठेवायचा, हे शिकली. शाळेच्या दिवशी परी त्याचंच गणित करून घ्यायची. घरात पीठ येऊ लागलं. पण उद्या बाग बंद झाली तर? म्हणून शेवंती पीठ पुरवून पुरवून वापरायची. लेकीचं ताट वाढायची आणि म्हणायची, "मी मघाच जेवले."

शेवटी अबोली दवाच्या घरात गेली, आणि तिथे अडली. बागेतल्या झऱ्यावर मोजून दिलेलं मोत्यासारखं दव फुलांपाशी पोचेपर्यंत रोज एक थेंब कमी भरायचं.

पानाच्या द्रोणात दव नेणारा शिंजीर पक्षी निळीनिळी मान झटकून म्हणाला, "वाऱ्याने नेला म्हणून लिही की! आम्ही सगळे तेच लिहितो."

घरी शेवंतीही म्हणाली, "लिहून टाक बाई. हिशेबाचा दिवस तोंडावर आलाय. एका थेंबाने काय आभाळ कोसळतंय?"

"पण आई, वारा नेताना मी पाहिलाच नाही."

"हट्टी कुठली!" शेवंती म्हणाली, आणि मनातल्या मनात ओशाळली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच अबोली द्रोणामागून निघाली. काटे टोचले, गुडघे खरचटले, पण तिने द्रोणावरची नजर हलवली नाही. वळणावर शिंजिराने दम खायला द्रोण टेकवला आणि तो डोळे मिटून बसला. तोच नेच्याच्या पानाखालून एक चिमुकली गोगलगाय आली आणि एक थेंब प्यायली.

"लिहू नकोस गं," ती कुजबुजली. "दव वाटतात तिथे मी पोचेपर्यंत ऊन आलेलं असतं. मला मागायची लाज वाटते."

हिशेबाच्या दिवशी बाग नुसती झगमगत होती. आयांनाही बोलावणं होतं. शेवंती मुठी आवळून उभी राहिली. अबोलीने खणखणीत वाचलं, "झऱ्यावरून निघालं तेवढं सगळं पोचलं. त्यात रोजचा एक थेंब गोगलगायीचा."

"चोर! चोर!" शिंजीर किंचाळला.

"चोर नाही, शिंजीरदादा. तिचं नाव यादीत घालायचंच राहिलं होतं. ते मी घातलंय."

परीचे डोळे चमचमले. "शाब्बास, पिल्ला! हिशेब चोर पकडायला नसतोच मुळी. कोण राहून गेलं, ते कळायला असतो. माग आता!"

"आमच्या वाफ्याला पाणी हवंय," अबोली म्हणाली. "दवाच्या घरात द्रोण धुतात, ते पाणी मागच्या खडकावरून वाया जातं. मी पाहिलंय. तेच आमच्या दारी येऊ दे."

परीने लेखणी उंचावली. खडकावरून चांदीच्या साखळीसारखी धार झुळझुळत करवंदीच्या जाळीकडे धावली. परीचे पंख उजळले, झगा उजळला, आणि बघता बघता ती सोनेरी उजेडात विरघळून गेली. अबोलीच्या हातात उरली ती गवताच्या काडीची लेखणी.

घरी येऊन पाहतात तो वाफा ओलाचिंब! शेवटच्या रोपट्याला टपोरी गुलाबी कळी आली होती. शेवंतीने डोळे पुसले, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि लेकीचं ताट वाढलं.

"जेव बाळा. मी मघाच जेवले."

अबोलीने लेखणी कानामागे खोचली, परातीत पाहिलं, टोपलीत पाहिलं.

"आई, पीठ तर दोनच भाकऱ्यांचं घेतलंस," ती म्हणाली. "एक माझ्या ताटात आहे, एक टोपलीत आहे. मग तू जेवलीस ती आली कुठून?"